कमी पैशात कालप्रवासाचा चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालप्रवासावर चित्रपट करायचाय पण हातात पैसे नाहीत, अशी मंडळी फिरून फिरून एकाच नावापाशी येतात: शेन कॅरूथचा 'प्रायमर' (2004). त्यामुळे इथले बरेचसे प्रश्न त्याच्याभोवतीच आहेत. एक स्पॅनिश, एक जपानी आणि एक जुना फ्रेंच चित्रपटही मधूनमधून येईल. 'प्रायमर' पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण खाली कथानकातलं काहीही राखून ठेवलेलं नाही.

सगळे 'प्रायमर'चंच नाव का घेतात?

एकतर आकड्यांमुळे. कॅरूथ गणिताचा पदवीधर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केलेला. फिल्म स्कूलचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. त्याने डॅलस शहराच्या आसपास पाच आठवडे शूटिंग केलं, युनिट पाच माणसांचं. पटकथा, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, संगीत सगळं त्याचंच, आणि दोन मुख्य भूमिकांपैकी एकही त्याचीच. जानेवारी 2004 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात या 77 मिनिटांच्या चित्रपटाला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. शिवाय विज्ञानाशी संबंधित चित्रपटाला दिलं जाणारं आल्फ्रेड पी. स्लोन पारितोषिकही.

पण माझ्या मते आकडे हे खरं कारण नाही. पैसे कमी पडलेत हे लपवण्यात बहुतेक स्वस्त विज्ञानपटांची निम्मी ताकद जाते. इथे गोष्टच अशी निवडली आहे की तिला पैसे लागतच नाहीत. टाय लावून ऑफिसला जाणारे दोन इंजिनिअर संध्याकाळी गॅरेजमध्ये काहीतरी खटपट करत बसतात आणि त्यांच्या हातून भलतंच काहीतरी बनतं. या गोष्टीत चकचकीत सेट आणला असता तर ती बिघडली असती.

सात हजार डॉलरमध्ये चित्रपट झाला, हे खरं की जाहिरातबाजी?

खरं आहे, पण तो आकडा कशाचा आहे ते समजून घ्यायला हवं. तेव्हाच्या दराने सात हजार डॉलर म्हणजे सुमारे सव्वातीन लाख रुपये. त्यातला मोठा वाटा फिल्मचा, म्हणजे निगेटिव्ह आणि लॅबचा खर्च. नटांमध्ये मित्र आणि नातेवाईकच जास्त. कॅरूथने स्वतःच्या कामाचे पैसे धरलेच नाहीत, आणि शूटिंगनंतर दोन वर्षं तो पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये अडकून होता. त्या दोन वर्षांचा पगार लावला असता तर आकडा कुठल्या कुठे गेला असता.

म्हणून कोणी 'अमुक लाखात फिल्म केली' असं सांगितलं की मी आधी विचारतो, यात जेवण धरलंय का? प्रवास? उधारीवर आणलेला कॅमेरा? महोत्सवाचं प्रवेशशुल्क? आपल्याकडे मैत्रीखात्यात होणारी कामं बजेटच्या कागदावर येत नाहीत. वर्षभराने तीच कामं मैत्री तुटण्याचं कारण होतात. कागदावर दोन रकाने ठेवा, 'रोख' आणि 'फुकट मिळालं'. फुकटच्या रकान्यातही प्रत्येक गोष्टीची बाजारभावाने किंमत लिहा.

अमेरिकेतल्या थिएटरांत 'प्रायमर'ने सव्वाचार लाख डॉलरच्या आसपास धंदा केला. मोठ्या चित्रपटांच्या हिशेबात हे काहीच नाही, सात हजारांच्या हिशेबात बरंच काही आहे.

आता सगळं डिजिटल आहे. मग फिल्मच्या जमान्यातल्या काटकसरीचं आम्ही काय करायचं?

आधी थोडं गणित. 16 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने मिनिटाला 36 फूट पळते. 400 फुटांचं एक मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फिल्मचा डबा, म्हणजे जेमतेम 11 मिनिटं. 'प्रायमर' सुपर 16 वर, म्हणजे याच फिल्मच्या थोड्या रुंद चौकटीच्या प्रकारावर झाला, आणि त्याचं शूटिंगचं प्रमाण 2 ला 1 होतं, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे दोनच मिनिटांची फिल्म खर्च झाली. 77 मिनिटांसाठी साधारण साडेपाच हजार फूट, म्हणजे चौदाएक डबे. बहुतेक शॉटना दुसरा टेक मिळाला तर नशीब. म्हणून कॅरूथने प्रत्येक शॉटचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रांचा आराखडा, आधी साध्या 35 मिलिमीटरच्या स्टिल कॅमेऱ्यावर फोटो काढून केला. फ्रेम कशी दिसेल, उजेड किती पडेल, सगळं शूटिंगच्या आधी कागदावर आलेलं होतं.

आता मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं. त्यामुळे फिल्म वाचते, पण दिवस वाचत नाही. मित्राच्या काकांचा फ्लॅट रविवारी संध्याकाळी सहापर्यंतच मिळालाय. आठव्या टेकला नट कंटाळलाय. खिडकीतलं ऊन सरकलंय. कालप्रवासाच्या चित्रपटात ऊन सरकणं म्हणजे काय, ते खाली येईलच. तेव्हा फोटोचा स्टोरीबोर्ड करा. मोबाईलवर एका दिवसात होतो, खर्च शून्य.

यंत्र कसं दाखवायचं?

जमेल तितकं कमी. कॅरूथच्या म्हणण्याचा आशय असा, की शून्याचा किंवा ट्रान्झिस्टरचा इतिहास वाचला तर दोन गोष्टी दिसतात. सगळ्यात मोलाचा शोध बरेचदा 'हे काहीतरी वेगळंच झालं' म्हणून आधी बाजूला सारलेला असतो. आणि पहिल्या नमुन्यावर निऑनचे दिवे किंवा चकाकणारं क्रोम कधीच नसतं. त्याच्या चित्रपटातलं यंत्र म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी एक पेटी आहे, आणि ती लोक जादा सामान ठेवायला भाड्याने घेतात तसल्या शटरवाल्या गाळ्यात पडलेली आहे. दाखवण्यासारखा आहे तो तिचा आवाज. ती घुमते, आणि त्या घुमण्यानेच अंगावर काटा येतो.

आपल्याकडे या जागी काय येईल? भोसरी एमआयडीसीतला बंद पडलेला शेड, सोसायटीचा पंपरूम, लिफ्टच्या मोटरची खोली. एलईडीच्या माळा मात्र लावू नका. कलादिग्दर्शकाला राहवलं नाही तर त्याला गंज, ग्रीस आणि जुन्या वायरी गोळा करायला पाठवा.

'नियम आधी ठरवा' असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय?

'प्रायमर'चा नियम उलगडून पाहू. बाकीचं सगळं त्यातून आपोआप निघतं.

सकाळी 9 वाजता पेटी टायमरवर लावायची. पंधरा मिनिटांनी ती सुरू होईल, तोवर तुम्ही तिथून निघून जायचं. दिवसभर गावाबाहेरच्या हॉटेलात दार लावून बसायचं. फोन काढून ठेवायचा, कोणाला भेटायचं नाही. दुपारी शेअर बाजारात कोणता भाव चढला ते पाहायचं. सव्वातीनला परत गाळ्यावर यायचं आणि पेटी बंद होत असताना आत शिरायचं. आत सहा तास पडून राहायचं. बाहेर याल तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजलेले असतात. म्हणजे मागे जाता येतं ते पेटी सुरू झाली त्या क्षणापर्यंतच, त्याच्या आधी नाही. आणि जितकं मागे जायचं तितका वेळ अंधारात खर्च करावा लागतो, फुकट काही नाही.

आता पाहा. सव्वानऊ ते सव्वातीन या वेळात तुम्ही दोघे आहात. एक हॉटेलात, एक शेअर दलालाकडे. सव्वातीनला पहिला पेटीत शिरतो आणि पुन्हा एकच उरतो. पण त्या एकाचा आजचा दिवस छत्तीस तासांचा होतो: पेटीतले सहा तास जास्तीचे, आणि तेच सहा तास बाहेर दुसऱ्यांदा जगलेले. चित्रपटात एकजण म्हणतो, 'आज दुपारनंतरपासून काही खाल्लं नाहीये.' विनोद म्हणून नव्हे, भूक लागली म्हणून.

हॉटेलात का लपायचं, फोन का काढून ठेवायचा, हे वेगळं समजवावं लागत नाही. एकजण चुकून मोबाईल पेटीत घेऊन जातो आणि तो वाजतो. त्या क्षणी जगात तोच फोन दोन ठिकाणी आहे, मग यातला कुठला वाजला? एक साधा फोन वाजल्यावर प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो. असं नाट्य पैसे टाकून विकत मिळत नाही. पुढे कळतं की एकाने अगदी पहिल्या दिवसापासून एक जास्तीची पेटी गुपचूप सुरू ठेवलेली आहे, सगळं हाताबाहेर गेलं तर मुळापाशी परतता यावं म्हणून. ही कलाटणीही नियमातूनच आली. पेटी जितकी आधी सुरू, तितका तिचा मालक बलवान.

तुमचा नियम चार वाक्यांत लिहून काढा. पाचवं वाक्य 'पण' ने सुरू होत असेल तर नियम अजून कच्चा आहे.

यात विज्ञान किती खरं असतं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. कुर्ट गोडेल या गणितज्ञाने 1949 मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून एक फिरतं विश्व काढून दाखवलं. त्यात पुढे पुढे जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात पोचू शकतो. आपलं विश्व तसं नाही, पण समीकरणं त्याला नाही म्हणत नाहीत हे सगळ्यांना खटकलं. पुढे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या कादंबरीसाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना एक अडचण विचारली. त्यातून थॉर्न कृमिविवरांकडे (अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारे कल्पित बोगदे) वळले, आणि 1988 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर अशा विवराचं कालयंत्र कसं होऊ शकेल ते मांडलं. म्हणजे कथाकाराच्या प्रश्नातून शोधनिबंध निघाला. एरवी उलटंच होतं.

या विवराच्या यंत्राचीही अट तीच: ते तयार झालं त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही. 'प्रायमर'ची पेटी भौतिकशास्त्रज्ञांनाही आवडते त्याचं एक कारण हे असावं. भविष्यातले पर्यटक आज रस्त्यावर का दिसत नाहीत, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. यंत्र अजून बनलंच नाही, तर येणार कुठून? स्टीफन हॉकिंग यांनी 28 जून 2009 रोजी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं नंतर जाहीर केली. कोणी आलं नाही. भूतकाळात जाऊ देईल अशी कुठलीही रचना निसर्ग टिकू देत नाही, असा अंदाज त्यांनी 1992 मध्येच मांडला होता.

भविष्यात जाणं मात्र निव्वळ कल्पना नाही. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ खरोखर सावकाश चालतं. मराठी वाचकाला हे नवीन नाही. जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेला 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. घरात त्यांचे जुने संग्रह असतील तर पटकथा लिहायच्या आधी खाली काढा.

भूतकाळ बदलतो असं दाखवू की बदलत नाही असं?

आवडीचा प्रश्न आहे, पण खर्चाचाही आहे.

'बदलत नाही' या प्रकारात जे घडलं ते घडलंच. तुम्ही मागे जाऊन जे कराल ते आधीच त्यात धरलेलं असतं. इगोर नोविकोव या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने हे तत्त्व ओळखतात. नाचो विगालोंदोचा स्पॅनिश चित्रपट 'लोस क्रोनोक्रिमेनेस' (2007) पाहा. एक मध्यमवयीन गृहस्थ बागेत बसून दुर्बिणीने रान न्याहाळतोय. तिथे गेल्यावर डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस त्याच्या हातात कात्री खुपसतो. पळता पळता तो एका प्रयोगशाळेत शिरतो, लपायला म्हणून एका टाकीत बसतो आणि तासाभराने मागे जातो. पुढे काय होणार ते सूज्ञास सांगणे न लगे: पट्ट्यांखाली कोण आहे ते त्याला स्वतःच्याच हाताने पट्ट्या बांधताना कळतं. मोजून चार नट, एक घर, एक रान, एक प्रयोगशाळा. त्यातला शास्त्रज्ञ खुद्द दिग्दर्शकच आहे.

हा प्रकार नवख्यांसाठी बरा. तोच प्रसंग दोनदा दाखवायचा असतो, फक्त दुसऱ्या बाजूने. एकाच सकाळी दोन्ही कोनांतून शूट करून मोकळं होता येतं. 'बदलतो' म्हटलं की प्रत्येक बदललेली आवृत्ती वेगळी शूट करावी लागते. कपडे वेगळे, सामानाची मांडणी वेगळी, आणि प्रेक्षकाला आपण कोणत्या आवृत्तीत आहोत ते कळायला हवं ही आणखी एक कटकट. 'प्रायमर' दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तो तीनदा पाहूनही लोक कागद-पेन्सिल घेऊन बसतात ते उगीच नाही.

एकच नट एका फ्रेममध्ये दोनदा कसा दाखवायचा?

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअलवर टाकून कुलूपबंद करा. नट डावीकडे असताना एक टेक, कपडे बदलून उजवीकडे दुसरा, आणि संकलनात मधून चीर. चीर दाराच्या चौकटीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर पाडा. मधल्या भागात पंखा, पडदा, झाड असं हलणारं काही नको.

पण असे शॉट दोन-तीनच ठेवा. 'प्रायमर'मध्ये पहिला 'दुसरा मी' दिसतो तो लांबून, दुर्बिणीतून, गाळ्याकडे चालत जाताना. पाठमोरा, दूरवर. तेवढ्याने काम होतं. बाकी ठिकाणी उंची-बांध्याने सारखा माणूस, पाठ कॅमेऱ्याकडे, आणि समोर खरा नट. ही युक्ती आपल्या नाटकवाल्यांना शिकवायला नको.

कंटिन्युइटी कशी सांभाळायची?

कंटिन्युइटी म्हणजे वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या शॉटमधले कपडे, सामान, वेळ यांचा मेळ. अशा चित्रपटात कंटिन्युइटी असिस्टंटला दिग्दर्शकाच्या खालोखाल मान द्या. ज्याच्याकडे दुसरं काम नाही त्याला हे काम देण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे ती महागात पडेल.

तक्त्यात नेहमीचे रकाने असतातच. त्यात हे आणखी घाला. कथेतली तारीख आणि घड्याळाची वेळ. त्या पात्राचा स्वतःचा वेळ, म्हणजे तो सकाळी उठल्यापासून किती तास जागा आहे. हे दोन आकडे वेगळे असतात, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. मग दाढीची खुंटं, जखमेचं वय, शर्टाच्या बाहीवरचा डाग, मोबाईलची बॅटरी किती टक्के, खिशात काय आहे. पेटीत सहा तास आडवा पडून आलेल्या माणसाचा शर्ट इस्त्रीचा दिसला तर चाणाक्ष प्रेक्षक तिथेच तुम्हाला सोडून देतो.

भिंतीवरचं घड्याळ फ्रेममध्ये असेल तर त्याचा सेल काढा आणि प्रत्येक टेकला काटे हाताने लावा. कॅलेंडर, दुधाची पिशवी, वर्तमानपत्र या तारीख सांगणाऱ्या गोष्टी एकतर फ्रेममधून हटवा किंवा मुद्दाम वापरा.

आणि ऊन. सकाळी नऊचा प्रसंग चित्रपटाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे दुसऱ्या बाजूने एकदा येणार असेल, तर दोन्ही कोन त्याच दिवशी, पाठोपाठ घ्या. पंधरा दिवसांनी घ्यायला गेलात तर सावली सरकलेली असेल, जूनमध्ये तर आभाळच बदललेलं असेल. शेड्यूल करताना एक दिवस म्हणजे एक लोकेशन हा नेहमीचा हिशेब सोडा आणि कथेतल्या घटकेप्रमाणे दृश्यं एकत्र करा. निर्मितीप्रमुख कुरकुर करेल, करू द्या.

ट्यूबलाइटमध्ये शूट केलं तर चालेल का?

चालेल, 'प्रायमर' चाललाच की. कॅरूथने फ्लोरोसंट उजेड, जास्त संवेदनशील फिल्म आणि फिल्टर वापरून तो सपाट, किंचित जळका, हिरवट-पिवळा रंग मुद्दाम काढला. ऑफिसात दिवसभर बसल्यावर डोळ्यांना जसं वाटतं तसा.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 1/50 वर ठेवा. 24 फ्रेमवर शूट करत असाल तर शटर अँगल 172.8 अंश, 25 वर 180. नाहीतर ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी पडद्यावर फडफडतात, आणि हे छोट्या मॉनिटरवर लक्षात येत नाही.

सगळ्यात आधी पैसे कशावर घालावेत?

आवाजावर, डोळे मिटून. चित्र थोडं खराब असलं तर लोक त्याला शैली म्हणतात. आवाज खराब असला की उठून जातात. त्यातून कालप्रवासाच्या चित्रपटात संवाद म्हणजे नकाशा. एक वाक्य ऐकू आलं नाही की पुढची वीस मिनिटं हुकली. 'प्रायमर'मधली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत, अर्धवट, पुटपुटत बोलतात. काहींना तेच आवडतं. मला विचाराल तर निदान नियम सांगणारी वाक्यं स्पष्ट ऐकू यायला हवी होती.

प्रत्येक लोकेशनवर शूटिंग संपल्यावर मिनिटभर सगळ्यांना गप्प उभं करून नुसता खोलीचा आवाज घ्या. तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने दाखवताना मागचा कुकर त्याच क्षणी शिट्टी देतो, हे प्रेक्षकाला कळण्याआधी त्याच्या कानाला कळतं.

नुसत्या मोबाईलवर होईल का?

झालाय. जपानमध्ये क्योटोच्या 'युरोप किकाकू' या नाटक कंपनीने 2020 मध्ये 70 मिनिटांचा चित्रपट केला. लेखक माकोतो उएदा, दिग्दर्शक जुंता यामागुची. वरच्या मजल्यावरच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि खालच्या कॅफेतला टीव्ही यांच्यात दोन मिनिटांचा फरक आहे, एकातून दुसऱ्यातलं भविष्य दिसतं. बस, एवढंच. चित्रपट एकाच सलग शॉटमध्ये झाल्यासारखा दिसतो. पडद्यावरच्या 'दोन मिनिटांनंतरच्या मी'शी बोलताना नटाला आपलंच रेकॉर्ड केलेलं बोलणं सेकंदाबरहुकूम गाठावं लागतं. अर्धा सेकंद हुकला की सगळं पहिल्यापासून.

हे जमलं ते नाटकवाल्यांची टीम होती म्हणून. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे. दीड-दोन महिने एकाच एकांकिकेची तालीम करून हालचाल न् हालचाल अंगात भिनवलेली पोरं दरवर्षी तयार होतात. असा कसलेला संच हाताशी असताना लोक ड्रोनच्या भाड्यासाठी पैसे जमवत बसतात, याचं मला नवल वाटतं.

मोबाईलसुद्धा नको असेल तर क्रिस मार्करचा 'ला जेते' (1962) पाहा. 28 मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिर छायाचित्रं आणि वर एक निवेदन. हलणारं चित्र एकदाच येतं, एक स्त्री झोपेतून डोळे उघडते तेव्हा.

प्रेक्षकांना कळलंच नाही तर?

काही गोष्टी न कळणं चालतं, नियम न कळणं चालत नाही. 'प्रायमर'मध्ये एका मुलीचे वडील अचानक दाढी वाढलेल्या अवस्थेत रस्त्यावर गाडीत दिसतात, म्हणजे त्यांनीही पेटी वापरलीय. त्यांना कोणी सांगितलं? कधी? चित्रपट उत्तर देत नाही. त्या दोघा मित्रांनाही ते कळत नाही, आणि आपण उघडलेलं दार आपल्याला बंद करता येणार नाही ही भीती तिथेच सुरू होते. असं न कळणं आवडतं, कारण तोवर पेटीचं काम आपल्याला पक्कं समजलेलं असतं.

पटकथा तपासायचा सोपा मार्ग: गोष्ट कधी न ऐकलेल्या दोन माणसांना ती वाचून दाखवा आणि अर्ध्यावर थांबून विचारा, 'आता हा कुठल्या वेळेत आहे?' दोघांची उत्तरं वेगळी आली तर पुन्हा लिहायला बसा. आणि ही माणसं तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली नकोत.

एखाद्या जुन्या कथेवर चित्रपट करता येईल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. एच. जी. वेल्स 1946 मध्ये गेले, त्यामुळे 'द टाइम मशीन' (1895) आपल्याकडे 2007 पासून मोकळी आहे. मात्र तिच्या मराठी अनुवादाचे हक्क अनुवादकाकडे असू शकतात, तेव्हा मूळ पुस्तकावरूनच लिहा. नारळीकरांच्या किंवा आजच्या कोणाही लेखकाच्या कथेसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. 'ओळखीचे आहेत, हो म्हणालेत' याला कागदावर किंमत नाही.

नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात (1978) हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे 'पेटीत शिरून सकाळी परत येणं' ही कल्पना तुम्ही घेऊ शकता, 'प्रायमर'ची दृश्यं आणि मांडणी नाही. तुमची पटकथा मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा.

सेन्सॉर लागतं का? आणि सरकारी अनुदान?

थिएटरात लावायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र हवंच. महोत्सवांना सूट मिळते, पण ती महोत्सव मागतो, तुम्ही नाही. ओटीटीवर मंच स्वतःच वयोगट ठरवतो. महाराष्ट्र शासनाचं अनुदान पूर्ण झालेल्या मराठी चित्रपटाला, समितीने पाहून दर्जा ठरवल्यावर मिळतं. शूटिंगचे पैसे त्यातून येतील असं धरून चालू नका.

कॅरूथने पुढे काय केलं?

मोठ्या बजेटच्या दुसऱ्या एका विज्ञानपटासाठी त्याने बरीच वर्षं खटपट केली, तो काही झाला नाही. दुसरा चित्रपट 'अपस्ट्रीम कलर' 2013 मध्ये आला, म्हणजे नऊ वर्षांनी. 'प्रायमर'च्या वेळी वितरकाशी बोलणी फार लांबली होती, कारण चित्रपटावरचा ताबा सोडायला तो तयार नव्हता. दुसऱ्या वेळी त्याने वितरकच गाठला नाही, थिएटरं स्वतःच ठरवली.